वारा पडल्यावर काय? चक्रीवादळात घरातली वीज आणि गॅस सांभाळण्याची रीत

वादळ येणार म्हटलं की मोबाईलवर सूचनांचा पाऊस आधी सुरू होतो. मेन स्विच बंद करा, गॅस बंद करा, पॉवर बँक चार्ज करून ठेवा. सूचना बरोबरच असतात, पण बहुतेक सगळ्या वारा पडेपर्यंतच्या. पुढे लाईट परत कशी घ्यायची, भिंत ओली आहे तर बटण दाबायचं का, चिखलात लोळलेल्या सिलिंडरला रेग्युलेटर लावायचा का, हे फारसं कोणी सांगत नाही. माणूस नेमका त्याच वेळी दमलेला, घाईत आणि ओल्या पायांनी घरभर फिरत असतो. म्हणून या लेखात बंद करण्यापेक्षा पुन्हा चालू करण्यावर जास्त भर आहे.

समोर ठेवली आहेत ती कोकणपट्टीतली स्वतंत्र घरं. कौलं किंवा पत्रे, मागे माड-पोफळीची वाडी, विहिरीवर पंप आणि पडवीत मीटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वारा काही तासांचा होता, पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत अंधार कित्येक आठवडे राहिला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे गेलं. ते इथे जमिनीवर आलंच नाही, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले. त्याआधीचं फयान नोव्हेंबर २००९ मधलं. म्हणजे धोक्याचे दिवस वर्षातून दोनदा: पावसाच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस सरताना ऑक्टोबर-नोव्हेंबर.

हंगामाच्या आधी: वायरमनला एक फेरी मारायला लावा

हे काम एप्रिलात करून घ्या. जूनमध्ये वायरमन कोणालाच सापडत नाही.

खांबावरून घरात येते ती सर्व्हिस वायर. ती सहसा जीआय तारेच्या आधाराने टांगलेली असते आणि बऱ्याच घरांत पत्र्याच्या कडेला घासून जाते. वाऱ्यात ती वर्षानुवर्षं हलते, वरचं रबर झिजतं आणि एक दिवस अख्खा पत्रा जिवंत होतो. त्या पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असली, तर ओला टॉवेल टाकणाऱ्या माणसापर्यंत वीज थेट पोचते. आपल्याकडे दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. वायर पत्र्यापासून लांब घ्यायला सांगा, जिथे स्पर्श टळत नाही तिथे पीव्हीसी पाईप चढवा. आणि कपड्यांची तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधा. या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

दुसरं, ईएलसीबी, म्हणजे हल्लीच्या भाषेत आरसीसीबी, वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा हवा. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा फ्यूजच्या जागी आलेला खटका, वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसताना तो पडेलच असं नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो डबा भिंतीवरची शोभा समजा आणि बदला. कोकणात याचं महत्त्व जास्त आहे, कारण जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग चांगलं लागत नाही आणि उन्हाळ्यात तर खड्डा पार कोरडा पडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत राहा, तार पाईपला घट्ट आहे ना, गंजून तुटलेली नाही ना ते पाहा, पण निव्वळ अर्थिंगच्या भरवशावर राहू नका.

जुन्या घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणारे महाभाग प्रत्येक वाडीत सापडतात. तुमच्या घरात असा उद्योग कोणी करून ठेवला असेल तर तो वायरमनच्या याच फेरीत निस्तरून घ्या.

मग बोर्डावर चिठ्ठ्या चिकटवा: 'पुढची खोली', 'स्वयंपाकघर', 'पंप', 'मागील दार'. अंधारात टॉर्च तोंडात धरून कोणता एमसीबी कशाचा हे शोधणं फार त्रासाचं असतं. आणि घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, मेन स्विच कुठे आहे आणि कसा पाडायचा ते दाखवून ठेवा.

लाईनला टेकणारी झाडं हा वेगळा विषय. पावसाळ्यापूर्वी महावितरण फांद्या तोडण्यासाठी वीज बंद ठेवतं, तेव्हाच आपल्या वाडीतली धोकादायक झाडं दाखवून द्या. स्वतः कोयता घेऊन चढू नका. ओली फांदी आणि ओली झावळी वीज वाहून नेते, आणि तार कोणती बंद, कोणती चालू हे खालून पाहून कळत नाही.

गॅसची तपासणी: दहा मिनिटांचं काम

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ 'बी-२७'. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढचे तिमाही. बी-२७ चा अर्थ, या टाकीची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारातच परत करा.

नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' नळीच हवी. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती वाचा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. भेगा, उंदराचे दात, शेगडीच्या बाजूला कडक झालेलं टोक, यातलं काहीही दिसलं तर बदलायची. साबणाचं पाणी करून रेग्युलेटरच्या जोडाला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या नॉबपाशी लावा. फुगे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजून आहेत, त्यांना स्वयंपाकघरात घेऊ नका.

टाकीत गॅस किती उरलाय हे हलवून कळत नाही. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. काट्यावर ठेवून ते वजा केलं की उरलेला गॅस, भरलेली टाकी असेल तर १४.२ किलो. काटा नसेल तर ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा: वरचा रिकामा भाग लवकर वाळतो, द्रव गॅस असलेला भाग जास्त वेळ ओला राहतो. वादळानंतर रस्ते बंद झाले की गॅसची गाडी किती दिवस येणार नाही हे सांगता येत नाही, म्हणून मेच्या मध्यापर्यंत एक टाकी भरलेली असू द्या. मागील दारची चूल सारवून ठेवली असेल तर उत्तमच.

इशारा आल्यावर

हवामान खात्याचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात. किनाऱ्यावर वाईट हवामान सुरू होण्याच्या साधारण ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा आणि वादळ जमिनीवर येण्याच्या १२ तास आधी, ते आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. रंग बघून घाबरण्यापेक्षा या तासांना कामं बांधून घ्या.

७२ तास: वीजबिल काढा. त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, तक्रारीचे क्रमांक १९१२ आणि १८००-२३३-३४३५, नोंदवलेल्या मोबाईलवरून मिस्ड कॉल द्यायचा क्रमांक, गॅस गळतीसाठी १९०६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ हे सगळं कागदावर, शाईने लिहा आणि दाराच्या मागे चिकटवा. आपल्या डीपीचा (वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) आणि जवळच्या खांबाचा क्रमांकही टिपा. 'आमच्याकडे लाईट नाही' या तक्रारीपेक्षा 'अमुक डीपीजवळ तमुक खांबावरची तार तुटून रस्त्यावर पडली आहे' ही तक्रार लाईनमनला कितीतरी उपयोगाची असते.

४८ तास: टाकी, पिंप, हंडे, कळश्या भरा. विजेवाचून पहिल्यांदा अडतं ते पाण्याचं, दिव्याचं नंतर. सबमर्सिबल बसवल्यापासून अनेक विहिरींचे रहाट गेले; दोरी आणि बादली तरी जाग्यावर आहे का ते बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरा. पाणी शिरणाऱ्या घरात बॅटरी, इन्व्हर्टर आणि शक्य असेल तर फ्रीज उंचावर घ्या.

२४ तास: टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, वायफायचा डबा यांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची आणि इंटरनेटची वायरही काढा, विजेचा लोळ त्या वाटेनेही येतो. पंपाचा स्टार्टर बंद. वाडीत टेकून ठेवलेल्या लोखंडी शिड्या, सुटे पत्रे, सिंटेक्सची झाकणं बांधून टाका. वाऱ्यात उडालेला पत्रा तारांवर पडला की गावाचा फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी मुख्य लाईन, जातो.

गॅसचं शेवटी: जेवण करून घ्या, चहा थर्मासमध्ये भरा, मग रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि टाकीच्या तोंडावर दोरीने लटकणारं पांढरं झाकण घट्ट बसवा. ते झाकण गळतीबरोबर चिखलही अडवतं. पाणी शिरण्याची भीती असेल तर टाकी उभ्या स्थितीत खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. भरलेली टाकी जड असते, ती कुठे जातेय असं वाटतं. पण तिच्या आतली जागा साधारण ३३ लिटरची आणि भरलेल्या टाकीचं वजन ३० किलोच्या आसपास. म्हणजे ती पाण्यावर तरंगते, आणि तरंगत गेली की दगडधोंड्यांवर आपटते.

वारा चालू असताना

या वेळी घरात करण्यासारखं फार काही नसतं, आणि तेच बरं. मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या: मेन पाडल्यावर घर मेलेलं नसतं. इन्व्हर्टर लगेच स्वतःची वीज दिवे-पंख्यांच्या वायरिंगमध्ये सोडतो. छप्पर उडून पाणी आत येऊ लागलं, तर इन्व्हर्टरही बंद करायला हवा, नाहीतर अंधारात ओल्या भिंतीत २३० व्होल्ट शाबूत असतात.

उजेडासाठी टॉर्च. मेणबत्त्या आणि चिमण्या टाळा. दारं-खिडक्या बंद, वाऱ्याने हललेली टाकी आणि उघडी ज्योत हे एकत्र नको.

मध्येच वारा एकाएकी थांबला, आभाळ उजळलं, तर बाहेर धावू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो आणि पहिल्या तडाख्यात खिळखिळे झालेले माड आणि खांब तेव्हा पडतात.

वारा पडल्यावर: आधी बाहेर, आणि तेही नजरेने

पहिली गोष्ट, दारातूनच वर बघा आणि मग खाली. तुटलेली तार कुठे आहे? ती माडाच्या झावळ्यांखाली, गडग्यावर, कुंपणाच्या तारेत अडकलेली, डबक्यात बुडालेली असू शकते. पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब राहा. लघुदाबाची आहे की ११ हजार व्होल्टची, याचा अंदाज बांधत बसू नका.

जमिनीवर पडलेल्या जिवंत तारेभोवती मातीतच विजेचा दाब पसरतो, मधोमध जास्त आणि बाहेर कमी कमी होत जाणारा. दोन पावलांत जितकं अंतर, तितका दोन पायांमधला दाबाचा फरक, आणि तो फरक शरीरातून वाहतो. गुरं अशा वेळी पटकन मरतात, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं असतं. म्हणून गोठ्यातली गुरं वादळानंतर लगेच सोडू नका, आधी वाट नजरेखालून घाला. आणि चालता चालता तार जवळ असल्याचं लक्षात आलं, तर पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, इंच इंच सरकत मागे या.

'सकाळपासून लाईट नाही, तार मेलेलीच आहे' असं म्हणून ती बाजूला करणारा एक तरी शूर प्रत्येक वाडीत असतो. लाईनमन लोक फीडर दुरुस्त करताना तुकड्यातुकड्याने चार्ज करून पाहतात. सकाळी मेलेली तार दुपारी दोन मिनिटांसाठी जिवंत होऊ शकते. शिवाय कोणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी येऊ शकते. ती कशी, ते पुढे.

कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर हाताने ओढू नका. आधी मेन बंद. ते शक्य नसेल आणि वीज घरातली असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून सोडवा. खांबावरच्या उच्चदाबाच्या तारेला लाकूडही चालत नाही. तिथे १९१२ ला फोन आणि लांब उभं राहणं एवढंच आपल्या हातात. माणूस सुटला, पण प्रतिसाद देत नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

लाईट परत घेताना

आता मुख्य काम. गावात लाईट आली, शेजारी दिवा दिसला, म्हणून मेन वर करायची घाई नको.

आधी उजेडात घर फिरून बघा. सर्व्हिस वायर जाग्यावर आहे का? मीटरच्या पेटीत पाणी? बोर्डाखालून ओघळ? पाणी बोर्डापर्यंत, सॉकेटपर्यंत चढलं होतं, तर इथेच थांबा. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट वाळवून वापरायचे नसतात, ते बदलायचेच. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी शिरलं असेल तर अजिबात चर्चा नको, मीठ आतून खात राहतं. वायरिंग वायरमनकडून मेगरने, म्हणजे वायरीतून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. भिंतीवर हेअर ड्रायर फिरवून हे काम होत नाही.

पाणी बोर्डापर्यंत आलं नव्हतं, फक्त कौलातून गळलं, भिंती दमट आहेत, अशा घरासाठी हा क्रम:

१. मेन बंद, सगळे एमसीबी बंद, सगळे प्लग बाहेर, इन्व्हर्टर बंद.

२. गावात वीज आल्यावर अर्धा तास थांबा. पहिल्या अर्ध्या तासात फीडर दोन-तीनदा पडतो आणि प्रत्येक वेळी झटका उपकरणांना बसतो.

३. कोरड्या पाटावर किंवा रबरी चपला घालून उभे राहा, हात कोरडे. मेन वर, मग आरसीसीबी वर, मग एकाच खोलीचा एमसीबी.

४. त्या खोलीत एक दिवा लावा, आणि शक्य असेल तर तो जुना पिवळा तारेचा बल्ब असू द्या. एलईडी दिवा कमी-जास्त व्होल्टेजला जवळपास सारखाच उजेड देतो, त्यामुळे तो काही सांगत नाही. पिवळा बल्ब मंद असेल तर व्होल्टेज कमी, डोळे दिपवत असेल तर जास्त. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळाला तर त्याहून बरं: २३० च्या आसपास हवा, २५० च्या वर गेला तर मेन खाली.

५. एकेक एमसीबी वर करत जा. आरसीसीबी ज्याला पडला, ती लाईन ओली. ती बंद ठेवून बाकीचं घर चालवा. कधी कधी सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडतो; साधे एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो, आणि ओल्या भिंतीत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबीला ते कळतं. हे वायरमनचं काम. आरसीसीबी त्रास देतो म्हणून त्याला बाजूला काढून थेट जोडून घेणं, ही वादळानंतर सर्रास केली जाणारी आणि सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

६. फ्रीज आणि पंप सगळ्यांत शेवटी, व्होल्टेज तासभर स्थिर राहिल्यावर. थ्री फेज पंप असेल तर तिन्ही फेज आल्याची खात्री केल्याशिवाय स्टार्टर दाबू नका, दोन फेजवर मोटर जळते.

आता वाडीत एकाच दुपारी पाच घरांचे टीव्ही जाळणारा प्रकार: न्यूट्रल तुटणं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळे फेज मिळतात, न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. माड पडून तो न्यूट्रल तुटला, की दोन घरं नकळत एकमेकांशी जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० च्या वरचे व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात जास्त उपकरणं चालू, तिथे व्होल्टेज पडतं. जिथे एकच दिवा चालू, तिथे ते चढतं. म्हणजे बिचारा काटकसरी माणूस जास्त भरडला जातो. खुणा अशा: पंखा भलताच जोरात फिरतो, एका उपकरणाचं बटण दाबलं की दुसरा दिवा उजळतो किंवा मंदावतो, टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. यातली एक खूण दिसली तरी क्षणात मेन खाली, शेजारच्यांना हाक आणि १९१२ ला 'न्यूट्रल तुटला' या शब्दांत तक्रार.

जनरेटर आणि सोलर

अंधार लांबला की भाड्याचे जनरेटर टेम्पोत घालून वाडीवाडीत फिरू लागतात. पाण्याची टाकी भरायला सोय होते, पण दोन गोष्टींत जीव जातो.

एक, दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खोचणं. मेन खाली करायचं विसरलं, तर ही वीज सर्व्हिस वायरवरून डीपीपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. एरवी ११ हजारांचे कमी करून देतो, तसा उलट्या दिशेने आपल्या २३० व्होल्टचे हजारो करून वरच्या लाईनवर सोडतो. तिथे तुमचीच लाईट आणण्यासाठी एक लाईनमन खांबावर चढलेला असतो. जनरेटर वापरायचा तर चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे घराला एका वेळी एकतर लाईन नाहीतर जनरेटर जोडणारा स्विच. तो नसेल तर पंप किंवा फ्रीज एक्स्टेंशनने थेट जनरेटरला जोडा, घराच्या वायरिंगला हात लावू नका.

दुसरं, धूर. जनरेटर पडवीत, ओटीवर, गोठ्यात ठेवायचा नाही. पाऊस आहे म्हणून बंद खोलीत तर नाहीच. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचंही तेच. डोकं जड, मळमळ, घरातल्या सगळ्यांना एकदम गुंगी असं झालं, तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

छतावर सोलर असलेल्यांसाठी: बॅटरीशिवायची, ग्रीडला जोडलेली यंत्रणा गावातली लाईट गेली की आपोआप बंद होते. ऊन असूनही घरात वीज नाही म्हणजे बिघाड नव्हे, लाईनमनच्या सुरक्षेसाठीच ती तशी केलेली आहे. मात्र उजेडात पॅनेल वीज तयार करतच असतं. फुटलेल्या, लोंबकळणाऱ्या पॅनेलला आणि त्याच्या वायरींना हात लावू नका, बसवणाऱ्याला बोलवा. पाण्यात बुडालेली ई-स्कूटरही चार्जिंगला लावू नका, घरापासून लांब उभी करा.

गॅस पुन्हा सुरू करताना

घरात पाऊल टाकताच वास घ्या. एलपीजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत, कोपऱ्यात, ओट्याखाली साठतो. वास आला तर कोणतंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा नाही, मोबाईल नाही, लायटर नाही. टाकीपर्यंत सहज जाता येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, झाकण लावा, दारं-खिडक्या उघडा, विशेषतः खालची आणि मागची दारं. मग सगळे बाहेर, आणि फोन अंगणातून: १९०६.

टाकी पाण्यात किंवा चिखलात पडली असेल तर तोंडात माती गेली आहे का बघा. गेली असेल तर काडीने कोरत बसू नका, झाकण लावून एजन्सीला कळवा. पाण्याखाली गेलेला रेग्युलेटर वरून कोरडा दिसला तरी आतला पडदा आणि स्प्रिंग खराब झालेले असू शकतात. तो बदलून घ्या. नळीवर झाड, कौल, काहीही पडलं असेल तर नवी नळी. चेपलेली, गंजलेली, वाहून आलेली अनोळखी टाकी घरात आणू नका. रिकामी वाटली तरी तिच्यात थोडा गॅस असतोच.

सगळं ठीक असेल तर रेग्युलेटर लावा, साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या, दार उघडं ठेवून पहिला चहा करा. फ्रीज शेगडी-टाकीला चिकटून असेल तर या निमित्ताने तो हलवा. त्याचं थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद होतं आणि जमिनीलगत साठलेल्या गॅसला तेवढी ठिणगी पुरते.

पाईपचा गॅस असलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा: तो हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. वरची खिडकी, झरोका उघडा आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह पाईपला आडवा करून बंद करा. फ्लॅटमधल्यांनी आणखी एक बघावं: सोसायटीची मीटर रूम आणि पाण्याचा पंप तळघरात असेल तर तिथे पाणी शिरल्यावर लिफ्ट बंद करणार कोण आणि किल्ली कोणाकडे, हे इशारा येण्यापूर्वी ठरलेलं असावं.

नुकसान आणि बंद घरं

आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढा: जळालेला टीव्ही, फुटलेला मीटर, घरावर पडलेला माड, तुटलेली सर्व्हिस वायर. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत अंगण झाडून स्वच्छ झालेलं असतं आणि मग दाखवायला काही उरत नाही. मीटरचं सील तुटलं असेल तर स्वतः जोडू नका, फोटोसह कळवा.

राहिली चाकरमान्यांची घरं. गणपती झाले, शिमगा झाला, मेची सुट्टी संपली, कुलूप लावून मंडळी मुंबईला. अशा घरात वादळाने कौलं उडतात, पाऊस थेट बोर्डावर पडतो, आणि दोन आठवड्यांनी गावात लाईट आली की ओल्या, रिकाम्या घरात ती गुपचूप सुरू होते. शेजारचे काका कौलं लावायला शिडी घेऊन येतात, त्यांना हे माहीत नसतं. कुलूप लावण्यापूर्वी फ्रीज रिकामा करून मेन पाडा, इन्व्हर्टर बंद करा, सोलर असेल तर त्याचेही स्विच पाडा, रेग्युलेटर काढून टाकीला झाकण लावा. एक किल्ली शेजारी द्या, आणि किल्लीला 'मेन स्विच पडवीत, डाव्या हाताला' अशी चिठ्ठी बांधा.